न झिजणारे वजन

नायगावच्या मोंढ्यात आडत दुकानाच्या काट्यावर सोयाबीनचे पोते चढते, तेव्हा शेतकरी, आडत्या आणि हमाल या तिघांचीही नजर एकाच ठिकाणी खिळलेली असते. आकडा स्थिर झाला की तो पट्टीवर उतरतो आणि मग त्याविषयी वाद उरत नाही. या विश्वासामागे शासनाची एक व्यवस्था उभी आहे. इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी आणि लोखंडी वजने दर दोन वर्षांनी वजनमापे निरीक्षकाकडून पास करून घ्यावी लागतात. लोखंड झिजते, गंजते, आणि क्वचित एखादा ते कानशीने घासूनही ठेवतो, हे व्यापाऱ्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

त्याच दुकानाच्या भिंतीवर एक घड्याळ असते. ते बहुधा पाच मिनिटे पुढे असते, आणि पुष्कळदा मुद्दामच पुढे ठेवलेले असते. त्याला कोणी शिक्का मारीत नाही. पूर्वी त्यावाचून काही अडतही नव्हते. बँकेच्या खतावणीत दिवस मोजला जाई, तास नव्हे. व्याज दिवसांवर आकारले जाई, आणि सकाळी दहाला भरलेल्या धनादेशाची व दुपारी दोनला भरलेल्या धनादेशाची किंमत सारखीच असे. आता ती स्थिती राहिलेली नाही. गल्ल्याजवळच्या क्यूआर कोडवर आलेल्या प्रत्येक रकमेपुढे तास, मिनिट आणि सेकंद यांची नोंद असते. ई-वे बिलाची मुदत ठरलेल्या घटकेला संपते. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात एकाच भावाच्या दोन मागण्या आल्या, तर जी आधी आली तिचा सौदा आधी होतो, आणि हे ‘आधी’ सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशांत ठरते. जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने भारतीय प्रमाण वेळेच्या वापराविषयी नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला, तो वैध मापन कायद्याच्या अंगाने. म्हणजे ज्या कायद्याखाली काटा पास होतो, त्याच कायद्याखाली. वेळ हेही एक माप आहे, ही गोष्ट अशी कागदावर आली.

पण माप म्हटले की वजन आले. किलोचे वजन हातात धरता येते. सेकंदाचे वजन कोठे ठेवलेले असते?

या प्रश्नाचे एक जुने उत्तर याच भूमीशी जोडलेले आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्य या जैन गणितज्ञाने ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूर नगरीचे स्वामी म्हणवीत, आणि हे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे अभ्यासक मानतात. ग्रंथाच्या आरंभीच, गुणाकार-भागाकाराच्याही आधी, मापांच्या व्याख्या आहेत. त्यांत काळाचे माप असे येते: सात उच्छ्वासांचा एक स्तोक, सात स्तोकांचा एक लव, साडेअडतीस लवांची एक घटी आणि दोन घटींचा एक मुहूर्त. गुणाकार केला तर मुहूर्तात ३,७७३ उच्छ्वास भरतात. मुहूर्त ४८ मिनिटांचा, हे सामायिकाला बसणाऱ्या घरांत सांगावे लागत नाही. म्हणजे मिनिटाला सुमारे ७९ उच्छ्वास झाले. हा वेग श्वासाचा नाही, निरोगी माणसाच्या नाडीचा आहे. (उच्छ्वासाच्या खाली आवली आणि तिच्याही खाली ‘समय’ ही अविभाज्य मात्रा येते, तिची सांगड आजच्या यंत्रांशी घालण्याचा मोह काही लेखकांना होतो, पण ते दोन वेगळे विषय आहेत आणि वेगळेच राहिलेले बरे.)

महावीराचार्यांच्या या कोष्टकातून मुद्द्याची गोष्ट हाती लागते. काळ मोजायचा तर काहीतरी पुनःपुन्हा, सारख्या अंतराने घडत राहिले पाहिजे. नाडी हे पहिले वजन. परंतु ताप आला की नाडी धावते. घंगाळात तरंगणारे घटिकापात्र हे दुसरे. तळाच्या छिद्रातून पाणी शिरून ते २४ मिनिटांत बुडते, पण छिद्रात गाळ बसला की घटका लांबते. नंतर आकाशाचा आधार घेतला गेला. मुंबईतील कुलाबा वेधशाळा १८२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने उभारली, ती आकाशाचे वेध घेण्यासाठी आणि जहाजांना अचूक वेळ पुरवण्यासाठीच. पण आकाशावरून काढलेली वेळ गावागणिक निराळी येते. १९०६ साली प्रमाण वेळ आल्यावरही मुंबईने आपली ३९ मिनिटे मागे असलेली वेळ स्वातंत्र्यानंतरच्या काही वर्षांपर्यंत सोडली नव्हती. एकाच शहरात दोन वेळा चालत आणि लोक निमंत्रणपत्रिकेवर कोणती वेळ ते स्पष्ट लिहीत.

आजच्या घड्याळात, मोबाइलमध्ये आणि संगणकात वेळेचे वजन म्हणून क्वार्ट्झचा स्फटिक असतो. मनगटी घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. वस्तू स्वस्त आणि गुणी आहे; केवळ दोन दोष आहेत. एक, तो वयाबरोबर हळूहळू बदलतो. दुसरा, तो उष्णतेने मंदावतो. हा स्फटिक साधारण २५ अंश तापमानाला योग्य चालावा असा कापलेला असतो. मे महिन्यात नांदेड जिल्ह्यात पारा ४३ अंशांवर जातो, तेव्हा उघड्यावर टांगलेले असे घड्याळ दिवसाला जवळजवळ एक सेकंद मागे पडते. दुकानाला याची क्षिती नाही. मात्र ज्या यंत्रांना सेकंदाचा दशलक्षांश भाग, म्हणजे मायक्रोसेकंद, सांभाळावा लागतो त्यांच्या दृष्टीने ही चूक अवाढव्य आहे.

कानशीने घासता येणार नाही, उन्हाने प्रसरण पावणार नाही आणि वयाने थकणार नाही असे वजन निसर्गात आहे काय? आहे, आणि ते वायूच्या रेणूत आहे.

रेणू म्हणजे एकमेकांना बांधलेले अणू. कार्बोनिल सल्फाइड नावाच्या वायूचा रेणू तीन अणूंचा असतो: मध्ये कार्बन, एका टोकाला ऑक्सिजन आणि दुसऱ्या टोकाला गंधक, तिघेही एका सरळ रेषेत, लहानशा दांडीसारखे. ही दांडी स्वतःभोवती फिरत राहते. लाटणे हवेत भिरकावले तर ते कोणत्याही वेगाने फिरू शकते. रेणूला ते स्वातंत्र्य नाही. त्याच्या फिरण्याची ऊर्जा ठरावीक पायऱ्यांचीच असते. दहा, वीस, पन्नास आणि शंभर रुपयांच्या नोटा असतात, सदतीस रुपयांची नोट नसते, तसाच हा प्रकार. खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर जाण्यासाठी रेणूला नेमकी त्या फरकाएवढी ऊर्जा लागते. ती देणारी रेडिओलहर समोरून गेली तर रेणू ती गिळतो. थोडी कमी किंवा थोडी अधिक कंपनांची लहर आली तर तिला स्पर्शही करीत नाही. कार्बोनिल सल्फाइडचा रेणू अठराव्या पायरीवरून एकोणिसाव्या पायरीवर जाताना जी लहर गिळतो, ती सेकंदाला सुमारे २३,१०६ कोटी कंपनांची असते. हा आकडा बोस्टनमध्ये तोच, नायगावमध्ये तोच, आणि शंभर वर्षांनीही तोच राहणार. त्या वायूचा प्रत्येक रेणू दुसऱ्यासारखाच असतो. त्यात डावा-उजवा माल नसतो.

आता घड्याळ कसे बांधायचे, ते व्यापाऱ्याला समजावण्याची गरज पडू नये, कारण तो काट्याचाच हिशेब आहे. एका पारड्यात साधा, चुकणारा स्फटिक आणि दुसऱ्यात रेणू. स्फटिकाच्या आधाराने एक अतिसूक्ष्म लहर निर्माण करायची, ती वायू भरलेल्या नळीतून सोडायची आणि पलीकडे किती शिल्लक पोचली ते मोजायचे. लहर नेमक्या कंपनांची असेल तर वायू तिला सर्वाधिक गिळेल आणि पलीकडे सर्वांत कमी पोचेल. स्फटिक किंचित ढळला की पलीकडे जास्त पोचू लागेल. पण तो कोणत्या बाजूस ढळला, हे कसे कळावे? त्यासाठी लहर सतत थोडी वर, थोडी खाली अशी हलवत ठेवतात आणि दोन्ही बाजूंचे शोषण ताडून पाहतात. फरक दिसला की त्या प्रमाणात स्फटिकाला पुन्हा जागेवर ओढतात. स्फटिक बिघडायचे थांबत नाही. त्याची तपासणी मात्र क्षणोक्षणी होते. वर्षातून एकदा येणाऱ्या निरीक्षकाऐवजी दुकानातच निरीक्षक बसवावा, तसे हे झाले.

ही कल्पना नवी मुळीच नाही, आणि या विषयातील सर्वांत विचार करण्याजोगा भाग तोच आहे. जानेवारी १९४९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक ब्यूरोने वॉशिंग्टनमध्ये जगातील पहिले ‘अणुघड्याळ’ जाहीर केले. हॅरॉल्ड लायन्स या शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली ते तयार झाले होते. नाव अणूचे असले तरी वजन रेणूचे होते: अमोनिया वायू. गुंडाळलेल्या सुमारे ३० फूट लांबीच्या धातूच्या नळीत अमोनिया विरळ करून भरला होता आणि तो सेकंदाला सुमारे २,३८७ कोटी कंपनांची लहर गिळत असे. सगळे यंत्र कपाटांएवढे होते. वृत्तपत्रांत छायाचित्रे आली, कौतुक झाले. पण हिशेब मांडला तेव्हा अचूकता निघाली दोन कोटींत एक, म्हणजे साधारण पावणेआठ महिन्यांत एक सेकंदाची चूक. उत्तम क्वार्ट्झ घड्याळेही जवळपास तेवढीच चालत. शास्त्रज्ञांनी अमोनियाला बाजूला सारले आणि ते सीझियम धातूच्या अणूकडे वळले. १९५५ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत सीझियमचे यशस्वी घड्याळ चालू लागले, आणि १९६७ मध्ये सेकंदाची व्याख्याच त्याच्यावरून ठरली: सीझियमच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांचा काळ म्हणजे एक सेकंद. नवी दिल्लीतील आपली राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा याच घराण्यातील घड्याळांवर भारतीय प्रमाण वेळ राखते.

किलोच्या वजनाचेही पुढे असेच झाले. पॅरिसजवळच्या तिजोरीतला प्लॅटिनम-इरिडियमचा ठोकळा जगाचा किलो होता आणि त्याची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीत आहे. मूळ ठोकळा आणि त्याच्या प्रती यांच्यात कालांतराने मायक्रोग्रॅममध्ये मोजावा इतका फरक पडलेला आढळला. अखेर २० मे २०१९ पासून किलोची व्याख्या निसर्गाच्या एका स्थिरांकावर नेण्यात आली. सेकंदाने हे अंतर बावन्न वर्षे आधी कापले होते.

सीझियम आणि रुबिडियमची अणुघड्याळे उत्तम, पण नाजूक आणि महाग. २०११ मध्ये चिपएवढे म्हणवणारे सीझियमचे घड्याळ बाजारात आले. ते काड्यापेटीहून फार मोठे नव्हते, परंतु किंमत हजार डॉलरच्या पुढे. त्याचे कारणही त्या धातूतच आहे. सीझियमची वाफ करण्यासाठी डबी तापती ठेवावी लागते, आत लेझर बसवावा लागतो, आणि घड्याळ चालू केल्यावर ते स्थिर होईपर्यंत थांबावे लागते.

येथे सत्तर वर्षे पडून राहिलेला माल पुन्हा बाहेर निघाला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील प्राध्यापक रुओनान हान यांचा गट मुळात घड्याळे करीतच नव्हता. अतिउच्च कंपनांच्या लहरींनी वायू ओळखणाऱ्या चिप ते बनवीत होते. कोणता वायू कोणती लहर गिळतो यावरून नळीत काय आहे ते सांगायचे. मग प्रश्न उलटा विचारला गेला. वायू ठाऊक असेल तर लहर तपासता येणार नाही काय? चेंग वांग आणि सहकाऱ्यांनी याच वाटेने घड्याळ बांधले आणि जुलै २०१८ मध्ये ‘नेचर इलेक्ट्रॉनिक्स’ या नियतकालिकात त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये जे कपाटांत मावत होते ते आता मोबाइलच्या चिप ज्या पद्धतीने लाखोंनी छापल्या जातात त्याच पद्धतीच्या सिलिकॉनवर आले. कंपने अमोनियाच्या जवळजवळ दसपट, वीज ६६ मिलिवॅट, आणि चूक तासाला सरासरी एका मायक्रोसेकंदाहून कमी. मोबाइलमधल्या स्फटिकापेक्षा हे सुमारे दहा हजार पट स्थिर ठरले. कार्बोनिल सल्फाइड खोलीच्या तापमानाला वायूच असतो, त्यामुळे भट्टी नाही, लेझर नाही आणि गरम होण्याची वाट पाहणेही नाही. हा वायू विषारी आहे, हे सांगितले पाहिजे. पण नळीत तो विरळ आणि अत्यल्प असतो, आणि समुद्रातून व ज्वालामुखींतून तो हवेत नैसर्गिकरीत्या मिसळतच असतो. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याच गटाने मोजण्याची रीत सुधारून स्थिरता आणखी आठ-नऊ पट वाढवली.

तरीही हिशेब चोख मांडायचा तर दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. अचूकतेच्या शर्यतीत रेणूचे हे घड्याळ दिल्लीच्या सीझियमच्या जवळपासही पोचत नाही, आणि तसा त्याचा दावाही नाही. नळीतला दाब बदलला, झाकण किंचित गळले किंवा लहरीचा मार्ग तापमानाने थोडा पालटला, तर रेणू स्थिर असूनही वाचनात फरक पडतो. वजन खरे असले तरी काट्याची दांडी वाकू शकते. शिवाय २०१८ चा तो अहवाल प्रयोगशाळेतील यंत्राचा होता, विक्रीच्या मालाचा नव्हे. मोबाइलच्या चिपच्या कोपऱ्यात वायूची एवढीशी डबी असावी, ही हान यांची आकांक्षा आहे.

मग मराठवाड्यातल्या व्यापाऱ्याने याची दखल का घ्यावी? उत्तर मोंढ्याबाहेर उभ्या असलेल्या मोबाइल टॉवरमध्ये आहे. शेजारशेजारच्या टॉवरांनी एकमेकांच्या लहरी कापू नयेत म्हणून, विशेषतः ५जीमध्ये, त्यांची घड्याळे साधारण दीड मायक्रोसेकंदाच्या मर्यादेत जुळलेली असावी लागतात. ती वेळ टॉवर बहुधा आकाशातून, जीपीएससारख्या उपग्रहांकडून घेतो. रस्ता दाखवणारी म्हणून ओळखली जाणारी ही व्यवस्था मुळात वेळ वाटणारी व्यवस्था आहे. उपग्रहात अणुघड्याळे बसवलेली असतात आणि रस्ता हे त्या वेळेचे गणित आहे. ते घड्याळ परक्याचे असले की काय होते, हे भारताने अनुभवले आहे. जुलै २०१३ मध्ये सोडलेल्या आपल्या नाविक मालिकेतील पहिल्या उपग्रहावरची तिन्ही रुबिडियम घड्याळे २०१६ मध्ये बंद पडली. ती युरोपातून आणलेली होती. उपग्रह शाबूत, पण वेळ नसल्याने मार्गदर्शनाच्या कामी निरुपयोगी. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात देशी रुबिडियम घड्याळ तयार झाले आणि २९ मे २०२३ रोजी एनव्हीएस-०१ या उपग्रहाबरोबर ते आकाशात गेले.

पण उपग्रहाचा संदेश जमिनीपर्यंत फार क्षीण होऊन येतो. तो दाबणे सोपे असते, आणि वीज पडून टॉवरवरची अँटेनाच गेली तर तो येतच नाही. त्या क्षणापासून टॉवर स्वतःच्या स्फटिकावर चालतो. साधा स्फटिक असेल तर दीड मायक्रोसेकंदाची मर्यादा काही सेकंदांत ओलांडली जाते. तापत्या डबीत ठेवलेला महागडा स्फटिक काही तास तग धरतो, पण तो सतत वीज खातो, आणि प्रत्येक लहान टॉवरवर तो परवडत नाही. वेळ ढळली की संदेश एकमेकांत मिसळू लागतात, इंटरनेट अडखळते, आणि गल्ल्यावर उभा राहिलेला शेतकरी ‘पैसे गेले की नाही’ असे विचारीत मोबाइलकडे पाहत राहतो. २०१८ च्या रेणू-घड्याळाने, सरळ गुणाकार केला तर, त्या टॉवरला दीड तास सांभाळले असते. सुधारलेल्या घड्याळाच्या आकड्यांनी तोच हिशेब नऊ-दहा तासांवर जातो. तेवढ्या अवधीत रात्री पडलेली अँटेना सकाळी नांदेडहून आलेला माणूस बदलून जाऊ शकतो, आणि मोंढा उघडण्याच्या वेळी पट्टीवरचा आकडा व मोबाइलवरचा संदेश दोन्ही जागच्या जागी असतात.